कुन्ताश, 1971 आणि 2021: एका पुनरागमनाचं प्रकरण

1:20 या प्रमाणात काढली तर 1974 ची लॅम्बोर्गिनी कुन्ताश ए-फोर कागदाच्या आखूड बाजूवर बरोबर बसते. कागदाची रुंदी 210 मिलिमीटर, गाडी 207. दोन्ही कडांना दीड-दीड मिलिमीटर उरतो, पेन्सिलीचं टोक जेमतेम फिरेल एवढा. 2021 ची कुन्ताश त्याच मापाने काढायला घेतली आणि कागद आडवा करावा लागला. ही गाडी 243 मिलिमीटरच्या पुढे गेली.

मग दोन्ही आकृत्या ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या, मागच्या चाकांचे मध्य एकमेकांवर ठेवले आणि टेबल-लॅम्पसमोर धरल्या. उंचीत फरक फक्त साडेतीन मिलिमीटरचा. लांबीत मात्र साडेछत्तीसचा, आणि त्यातले साडेबारा मिलिमीटर दोन चाकांच्या मधे, बाकीचे 24 चाकांच्या बाहेर. खऱ्या गाडीच्या मापात बोलायचं तर नवी गाडी 730 मिलिमीटरने लांब आहे आणि त्यातले 480 मिलिमीटर नाकाकडे नि शेपटीकडे गेले आहेत. रेषा तशाच, कोन तसेच, चाकांच्या कमानी तशाच. पण पाचर ठोकल्यासारखी जी धार जुन्या गाडीत आहे ती या कागदावर दिसेना. तेव्हापासून हे प्रकरण मला नीट लिहून काढायचं होतं.

प्रकरण थोडक्यात असं. ऑगस्ट 2021 मध्ये लॅम्बोर्गिनीने कुन्ताशच्या पन्नाशीनिमित्त कुन्ताश एलपीआय 800-4 ही गाडी आणली. 112 गाड्या बनवायच्या ठरल्या, किंमत वीस लाख युरोंच्या वर, आणि तरी त्या विकल्या गेल्या. दोनेक महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मूळ कुन्ताश ज्यांनी रेखाटली त्या मार्चेलो गांदिनींनी निवेदन काढून जगाला कळवलं की या गाडीशी माझा काही संबंध नाही आणि तिच्यामागचा विचारही मला मान्य नाही. वय वर्षं 83, आयुष्यभर प्रसिद्धीपासून लांब राहिलेला माणूस. त्याला हे जाहीरपणे सांगावंसं वाटलं, यातच प्रकरणाचं वजन आहे.

आधी गिअरबॉक्स, मग गाडी

1971 च्या मार्चमधल्या जिनिव्हा मोटार शोमध्ये लॅम्बोर्गिनीच्या स्वतःच्या स्टँडवर मिउरा एसव्ही होती. मिउरा 1966 ची; बेर्तोनेच्या स्टुडिओत गांदिनींच्याच हाताखाली घडलेली, गोलाईने भरलेली, आजही अनेकांच्या मते जगातली सर्वांत देखणी मोटार. तिची सगळ्यात परिपक्व आवृत्ती कंपनी दाखवत होती. आणि त्याच हॉलमध्ये बेर्तोनेच्या स्टँडवर कुन्ताशचं पहिलं रूप, पिवळी एलपी 500, उभी होती, जिच्यात मिउराची एक गोलाई उरली नव्हती. गांदिनी तेव्हा 32 वर्षांचे होते. आपलंच सर्वांत नावाजलेलं काम अजून विकलं जात असताना त्याच्याशी नातं न सांगणारी गाडी त्यांनी समोर ठेवली.

ही गाडी एकट्या गांदिनींची नाही, हे मराठीत फार कमी लिहिलं जातं. तिचा पाया पाओलो स्तान्झानी या इंजिनिअरचा. मिउरामध्ये व्ही-12 इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं बसवलेलं होतं. कल्पना धाडसी, पण गिअर टाकायला लांबलचक जोडणी, सगळा भार मागे, आणि वेग वाढला की नाक हलकं होऊन उचलायला लागायचं. स्तान्झानींनी इंजिन 90 अंशांत फिरवून उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेत, केलं. एलपी म्हणजे लोंजितुदिनाले पोस्तेरिओरे, मागे बसवलेलं उभं इंजिन. पण इंजिन उभं केलं की गिअरबॉक्स त्याच्या मागे लटकतो आणि गाडी लांबते. म्हणून त्यांनी इंजिनच उलटं फिरवलं. गिअरबॉक्स पुढे आला, दोन सीटच्या मधे. गिअरचा दांडा थेट त्याच्यातच उतरला. आणि शक्ती मागच्या चाकांकडे न्यायला एक दांडा इंजिनाच्या ऑइल-संपमधून आरपार मागे गेला.

या एका निर्णयातून गाडीचा आकार निघाला. गिअरबॉक्स पुढे आल्याने व्ही-12 असूनही दोन आसांमधलं अंतर 2,450 मिलिमीटरवर राहिलं, मिउरापेक्षा 50 मिलिमीटर कमी. माणसं पुढे सरकली, त्यांचे पाय जवळजवळ पुढच्या चाकांच्या मधे आले. समोरची काच नाकाच्या रेषेतच चढवता आली. गांदिनींची प्रसिद्ध पाचर इथून सुरू होते: नाकाच्या टोकापासून छपरापर्यंत जवळपास एकच सरळ चढ, मधे बोनेटचा टप्पा नाही. उंची 1,070 मिलिमीटर. आपल्याकडच्या डायनिंग टेबलाहून फूटभर उंच, बस्स.

माझ्या जुन्या गाडीच्या ट्रेसिंगवर मी हा गिअरबॉक्स लाल पेन्सिलीने भरला आहे. तो भरला की बाहेरची रेषा तशी का आहे हे समजावून सांगावं लागत नाही. दाखवलं की समोरचा माणूस नुसती मान डोलावतो.

नावाचंही सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद नावाभोवती आहे. इंग्रजी अक्षरं बघून आपण काउंटॅक म्हणतो, पण शब्द पिएमाँत प्रांताच्या बोलीतला आहे आणि उच्चार कुन्ताशच्या जवळचा. गांदिनींनी सांगितलेली हकीकत अशी की गाडीवर काम करणाऱ्यांत कुलपं बनवणारा एक उंच, मोठ्या हातांचा कारागीर होता. तो फक्त पिएमाँतची बोली बोलायचा आणि उठता-बसता हाच उद्गार काढायचा. मूळ अर्थ साथीच्या रोगाशी जोडलेला, पण वापर अचंब्याचा. आपल्याकडे आजी नातवाला "मुडदा बशिवला तुझा" म्हणते तेव्हा तिला काही त्याचं मरण नको असतं, तसंच हे. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या कामात थट्टेत निघालेलं हे नाव टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेसने आपल्या न्यूझीलंडच्या जिभेवर घोळवून पाहिलं, आणि ते ठरलं. लॅम्बोर्गिनीच्या गाड्यांना बैलांची नावं द्यायच्या परंपरेत हा एक शब्द अचंब्याचा. पुन्हा वापरताना तो अचंबा पुन्हा निर्माण करण्याची जबाबदारीही अंगावर येते, असं मी मानतो.

छिद्रं, दारं आणि छपरातली खाच

जिनिव्हातली एलपी 500 अगदी स्वच्छ होती. खांद्यावर माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी, बाकी पत्रा कोरा. मग वॉलेसने ती रस्त्यावर पळवायला सुरुवात केली आणि दोन गोष्टी झाल्या. पाच लिटरचं प्रायोगिक इंजिन चाचणीत फुटलं, म्हणून विक्रीच्या गाडीला 3.9 लिटरचं इंजिन आलं. आणि इंजिन तापत राहिलं. कल्ल्यांतून येणारी हवा पुरेना. तेव्हा दारापासून मागच्या मडगार्डपर्यंत ती खोल तिकोनी खाच कापली गेली, जिला सगळे नाका डक्ट म्हणतात. अमेरिकेच्या विमानविद्येच्या राष्ट्रीय समितीने, म्हणजेच नाकाने (NACA), दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेला आकार, विमानाच्या अंगाबाहेर काही न काढता हवा आत ओढणारा. शिवाय खांद्यावर दोन चौकोनी पेट्या आल्या. 1974 मध्ये ग्राहकांना मिळालेल्या एलपी 400 चं रूप हे असं, अडचणींतून घडत गेलेलं.

वर उघडणाऱ्या दारांचंही तेच. गांदिनींनी ती प्रथम 1968 च्या अल्फा रोमिओ काराबोमध्ये केली होती, पण ती दाखवण्याची गाडी. कुन्ताशमध्ये ती गरज झाली. गाडी रुंद, दाराखालची चौकट जाड, साधं दार अरुंद जागेत उघडणार नाही. आणि मागचं तर काही दिसतच नाही. म्हणून दार वर करायचं, त्या जाड चौकटीवर बूड टेकायचं, मान मागे वळवायची आणि गाडी रिव्हर्स घ्यायची. कुन्ताश चालवणाऱ्यांची ही पद्धतच पडली. मागचं दिसावं म्हणून सुरुवातीच्या सुमारे 150 गाड्यांच्या छपरात पेरिस्कोपसारख्या आरशासाठी एक लांबट खाच होती. तिच्यावरूनच त्या गाड्यांना पेरिस्कोपिओ म्हणतात.

पुढची वर्षं भराभर सांगतो. 1978 ला रुंद पिरेली टायर आणि फुगवलेल्या कमानी आल्या, मग मागचा पंख, मग मोठी इंजिनं, 1988 ला तरुण होरासिओ पगानींनी केलेली रौप्यमहोत्सवी आवृत्ती. 1990 ला उत्पादन थांबलं तोवर सुमारे 2,000 गाड्या झाल्या होत्या. आपल्या पिढीने दहावी-बारावीत भिंतीवर जिचं पोस्टर लावलं ती बहुतेक पंखवालीच. गांदिनींची पहिली, कोरी गाडी फार थोड्यांनी पाहिली.

2006 चा नकार आणि 2021 चा होकार

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा मला 2006 मध्ये सापडतो. त्या वर्षी लॅम्बोर्गिनीने मिउराची नवी आवृत्ती संकल्पना म्हणून दाखवली. वॉल्टर दे सिल्वा यांचं काम, अत्यंत सुबक. लोकांनी ती मागितली. कंपनीचे प्रमुख स्टेफान विंकेलमान यांनी नाही म्हटलं. मिउरा हा आमच्या इतिहासाला मुजरा आहे, पण लॅम्बोर्गिनी भविष्याची कंपनी आहे, जुन्याची नक्कल करायला आम्ही नाही, अशा आशयाचं त्यांचं उत्तर होतं. गाडी म्युझियममध्ये गेली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आज अधिक पटतो.

तेच विंकेलमान डिसेंबर 2020 मध्ये कंपनीत परतले आणि त्यांच्याच कारकिर्दीत 2021 ची कुन्ताश बाजारात आली. त्यांनी शब्द फिरवला एवढंच म्हणून मी पुढे जाणार नाही. मधल्या 15 वर्षांत बाजार बदलला होता. जगभरच्या श्रीमंत संग्राहकांना मोजक्या संख्येच्या, जुन्या नावाच्या गाड्या हव्या होत्या. फेरारीने त्याच वर्षी 1960 च्या दशकातल्या आपल्या रेसिंग गाड्यांना स्मरून डेटोना एसपी3 आणली, 599 गाड्या. 2023 मध्ये अल्फा रोमिओने 33 स्त्रादाले परत आणली, 33 गाड्या. फ्रांको स्काल्योने यांनी घडवलेल्या 1967 च्या मूळ गाड्या 18 होत्या. शिवाय लॅम्बोर्गिनीची अडचण वेगळी होती. 2011 ची अव्हेंतादोर म्हातारी झाली होती, तिची जागा घेणारी गाडी अजून तयार नव्हती, आणि हातात एक सिद्ध यंत्रणा होती: 2019 च्या सियानची. अव्हेंतादोरचाच सांगाडा, साडेसहा लिटरचं व्ही-12, आणि गिअरबॉक्सला जोडलेली 48 व्होल्टची छोटी विजेची मोटार, जिला बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर वीज पुरवतो. सियानच्या 63 गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्याच यंत्रणेवर नवं अंग चढवलं की कुन्ताश होणार होती.

अंग चढवलं कंपनीचे डिझाइनप्रमुख मित्या बोर्कर्ट आणि त्यांच्या चेंत्रो स्तीले या डिझाइन विभागाने. 814 अश्वशक्ती, शंभराचा वेग 2.8 सेकंदांत, कमाल वेग ताशी 355 किलोमीटर. अंगावर मूळ गाडीच्या खुणा एकेक करून मोजता येतात: षटकोनी चाककमानी, दारातली नाका खाच, खांद्यावरचे कल्ले, टेलिफोनच्या डायलसारखी चाकं, आणि छपरात पेरिस्कोपिओची खाच, जिथे आता एक बटण दाबलं की काच अपारदर्शकाची पारदर्शक होते. आणि पंख नाही. हा निर्णय मी मनापासून वाखाणतो. पोस्टरवाली गाडी विकायची असती तर पंख हवाच होता. बोर्कर्टनी तो काढून पहिल्या, कोऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. ज्याला कुन्ताश कळली नाही तो माणूस हे करणार नाही.

गांदिनी काय म्हणाले

गाडी येण्याआधी काही महिने पन्नाशीनिमित्त गांदिनींची मुलाखत झाली होती. तिच्यात बोर्कर्टनी त्यांना नव्या गाडीचं छोटं मॉडेल दाखवलं. गाडीचं अनावरण झालं तसे या भेटीचे प्रसंग सगळीकडे फिरले आणि पाहणाऱ्याला वाटलं की गुरूने पाठीवर हात ठेवला. गांदिनींच्या बाजूने आलेल्या निवेदनाचा मुद्दा हा की ही गाडी विक्रीसाठी बनणार आहे हे त्यांना तेव्हा सांगितलेलं नव्हतं, आणि समोर बसून विरोध करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. सौजन्याने गप्प बसलेला माणूस होकार देतोय असा अर्थ निघाला, आणि तो खोडून काढायला लेखी निवेदन द्यावं लागलं.

पण निवेदनाचा गाभा तक्रारीचा नाही, तत्त्वाचा आहे. त्यांचं म्हणणं असं की मी केलेली प्रत्येक गाडी आधीच्या गाडीशी नातं तोडणारी होती. यशाला चिकटून न राहण्याचं धाडस हेच माझ्या कामाचं सार. बाजार बदललाय हे मला दिसतं, पण भूतकाळातलं मॉडेल पुन्हा करणं हे माझ्या मूळ तत्त्वांना नाकारणं आहे.

त्यांचं काम माहीत असलेल्याला यात नवल वाटत नाही. मिउरा, मग मार्झाल, मग एस्पादा, मग फक्त 84 सेंटिमीटर उंचीची स्त्रातोस झीरो, मग कुन्ताश; सगळं पाच-सहा वर्षांत, एका माणसाच्या हातून, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. याच माणसाने पुढे सित्रोएन बीएक्ससारखी साध्या घरातली गाडीही केली. त्यांची स्वतःची एकच सवय मला दिसते, मागच्या चाकाच्या कमानीला दिलेला तिरका कोन. कुन्ताशमध्ये आहे, मासेराती शामालमध्ये आहे. सही केल्यासारखा. तेवढीच पुनरुक्ती त्यांनी स्वतःला दिली.

दोन्ही कागद पुन्हा टेबलावर

आता माझं मत. गांदिनी बरोबर आहेत, पण बोर्कर्टवर अन्याय न करता ते बरोबर आहेत हे सांगायला थोडं खोलात जावं लागतं.

2021 ची गाडी ज्या सांगाड्यावर उभी आहे त्याचा व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधलं अंतर, 2,700 मिलिमीटर. तो बदलणं या प्रकल्पात शक्यच नव्हतं. नाक लांब आहे कारण आज टक्कर झाली तर ते चुरगळून आतल्या माणसाला वाचवायचं असतं. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बोनेटच्या उंचीचे नियम असतात. एअरबॅग आहेत, रेडिएटर आहेत, पुढच्या चाकांनाही शक्ती देणारी यंत्रणा आहे. एलपी 400 चं वजन, कंपनीच्या आकड्यानुसार कोरडं, 1,065 किलो होतं, नवीचं 1,595. जुन्या गाडीला 14 इंची चाकं होती, नवीला पुढे 20 आणि मागे 21 इंची. या सगळ्यावर 1971 ची रेषा ओढायची म्हणजे नऊवारीचं नेसणं सहावारीवर बसवण्यासारखं आहे. निऱ्या येतील, पण काष्टा मागे पोचणार नाही. बोर्कर्टच्या लोकांनी तरी ते बऱ्यापैकी पोचवलं, ही त्यांची हातोटी.

अडचण हातोटीची नाहीच. दारावरची खाच घ्या. 1973 मध्ये ती कापली गेली कारण वॉलेस रोज संध्याकाळी इंजिनाचं तापमान वहीत टिपत बसला असेल आणि आकडा खाली येत नसेल. 2021 मध्ये ती आली तेव्हा आधी आठवण होती, हवा नंतर. ती आत हवा घेते की नाही, किती घेते, हा वेगळा हिशोब. ती तिथे का आहे याचं पहिलं उत्तर बदललं, एवढं मला पुरे. छपरातल्या खाचेचंही तेच. 1974 मध्ये मागचं दिसत नाही म्हणून छप्पर कापलं होतं. आता त्याच खाचेत आकाश दिसतं.

खरा वारसा

आणि इथे मला या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट सांगायची आहे. 2021 च्या कुन्ताशमध्ये 1971 च्या कुन्ताशचा खराखुरा, अखंड वारसा होता. फक्त तो पत्र्यावर नव्हता.

स्तान्झानींची ती मांडणी, उभं व्ही-12 आणि त्याच्या पुढे, दोन सीटच्या मधे, गिअरबॉक्स, कुन्ताशनंतर दियाब्लोत गेली, मग मुर्सिएलागोत, मग अव्हेंतादोरमध्ये, तिथून सियानमध्ये आणि सियानमधून नव्या कुन्ताशमध्ये. मालक बदलले, कंपनी दिवाळखोरीतून गेली, क्रायस्लर आली, इंडोनेशियाचे मालक आले, 1998 ला ऑडी आली. सीटमधला गिअरबॉक्स हलला नाही. नवी कुन्ताश म्हणजे त्या वंशाच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक. कंपनीने ही गाडी लोकांसमोर मांडताना रेषांबद्दल, पाचरीबद्दल, पोस्टरबद्दल भरभरून सांगितलं. ज्या एका गोष्टीवर ती छातीठोकपणे कुन्ताशचं नाव लावू शकत होती, ती मागे राहिली. मला याचं वाईट वाटतं, कारण स्तान्झानी 2017 मध्येच गेले होते आणि हा त्यांच्या नावाचा क्षण होता.

असं असूनही मी ही गाडी 'कुन्ताश' या नावाने आणली नसती. दुसरं कुठलंही नाव देऊन तीच गाडी उभी केली असती तर तिला कुन्ताशची वंशज म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं असतं आणि गांदिनींना निवेदन काढावं लागलं नसतं.

भूतकाळाशी प्रामाणिक राहण्याची दुसरी वाट त्याच कंपनीने त्याच वर्षी दाखवली, हे विशेष. मूळ पिवळी एलपी 500 जगात उरलेली नव्हती. 1974 मध्ये इंग्लंडमध्ये टक्कर-चाचणीत तिचा चुराडा करण्यात आला होता. एका संग्राहकाच्या सांगण्यावरून कंपनीच्या पोलो स्तोरिको या जुन्या गाड्यांच्या विभागाने ती पुन्हा बांधली. जुने फोटो, कागदपत्रं, हाताने ठोकलेला पत्रा. टायर पिरेलीने आपल्या जुन्या नोंदी काढून त्याच जातीचे बनवून दिले. रंगाचं सूत्रही जुन्या दप्तरातून. 25,000 तासांहून अधिक काम. ऑक्टोबर 2021 मध्ये कोमो सरोवराकाठी व्हिला द'एस्ते इथे ती उभी राहिली. तिने नवं असल्याचा आव आणला नाही. गेलेली गाडी होती तशी परत केली.

कोरियाच्या ह्युंदाईने आणखी एक वाट धरली. 1974 मध्ये जोर्जेतो ज्युजारो यांनी त्यांच्यासाठी तोरिनोच्या शोला पोनी कूपे केली होती, जी विक्रीसाठी कधी बनलीच नाही. 2022 मध्ये कंपनीने तिच्यावरून एन व्हिजन 74 ही हायड्रोजनवर चालणारी प्रायोगिक गाडी केली, आणि हरवलेली मूळ पोनी कूपे पुन्हा बांधायला खुद्द ज्युजारोंनाच बोलावलं. 2023 मध्ये ती इटलीतच दाखवली गेली. विचारण्याची रीत एवढी साधी असते.

आपल्या घरातलंही एक उदाहरण आहे. पुण्याच्या बजाजने ऑक्टोबर 2019 मध्ये चेतक परत आणली, विजेवर चालणारी. मूळ चेतक व्हेस्पाच्या वंशातली, म्हणजे इटलीच्या कोर्रादिनो दास्कानिओंच्या 1946 च्या कल्पनेची नात. दास्कानिओंनी पायासमोर मोकळी जागा ठेवली आणि इंजिन पत्र्याआड झाकलं, कारण चालवणाऱ्याचे कपडे खराब होऊ नयेत. नव्या चेतकमध्ये इंजिन गेलं, गिअर गेले, चालू होत नाही म्हणून स्कूटर आडवी करण्याचा वडिलांचा तो सकाळचा विधीही गेला. पण पायासमोरची जागा राहिली, आणि ती आठवणीसाठी राहिलेली नाही. मंडईतून पिशवी घेऊन, साडी सावरत निघालेल्या बाईला ती 1972 मध्ये लागत होती तशीच आज लागते. तिथे प्रश्न जिवंत आहे, म्हणून आकार जिवंत आहे.

2023

मार्च 2023 मध्ये लॅम्बोर्गिनीने अव्हेंतादोरची जागा घेणारी रेव्हुएल्तो दाखवली. नवं व्ही-12, तीन विजेच्या मोटारी. आणि गिअरबॉक्स हलला. स्तान्झानींनी पुढे आणलेला गिअरबॉक्स कुन्ताशनंतर पहिल्यांदा इंजिनाच्या मागे गेला, आडवा होऊन. दोन सीटच्या मधला बोगदा, जिथे पन्नास वर्षं दातेरी चाकं फिरली, तिथे आता बॅटरी बसते. रेव्हुएल्तोच्या अंगावर कुन्ताशची नक्कल म्हणावी असं फारसं काही नाही. दारं मात्र अजून वर उघडतात.

12 जानेवारी 2024 ला तोरिनोच्या पॉलिटेक्निकने गांदिनींना मानद पदवी दिली. दोन महिन्यांनी, 13 मार्चला, ते गेले.

टेबलावर आता तिसरा ट्रेसिंग पेपर आहे. रेव्हुएल्तो 4,947 मिलिमीटर, म्हणजे माझ्या प्रमाणात 247; कागद आडवाच धरला आहे. या वेळी बाहेरची रेषा शेवटी काढायची ठरवलीय. लाल पेन्सिलीने आधी इंजिन काढलं, मग त्याच्या मागे गिअरबॉक्स, आडवा. सीटच्या मधली जागा अजून कोरी आहे. तिथे बॅटरी निळ्या पेन्सिलीने भरायची आहे.